पगाराच्या हिशेबातील चूक एकाच बाजूला का झुकते?

ताळेबंद

एखाद्या मोठ्या कंपनीने कामगारांना देय असलेल्यापेक्षा कमी वेतन दिल्याचे उघडकीला आले, की तिच्या निवेदनाचा मसुदा जवळजवळ ठरलेला असतो. वेतनप्रणालीत अनवधानाने त्रुटी राहून गेली, ती आमच्याच अंतर्गत तपासणीत लक्षात आली आणि प्रत्येकाचा फरक व्याजासह चुकता केला जाईल, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकेक विधान खरे असू शकते. परंतु चूक खरोखरच अनवधानाने होत असेल, तर अधूनमधून ती कामगारांच्या पारड्यातही पडायला हवी. एखाद्या कंपनीने वर्षानुवर्षे हजारो लोकांना नकळत जादा पगार दिला आणि तो तसाच चालू राहिला, असे वृत्त निदान माझ्या तरी वाचनात आलेले नाही. यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स या सुपरमार्केट साखळीचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केले, की सुमारे ५,७०० कर्मचाऱ्यांना कमी वेतन मिळाले आहे, हा प्रकार २०१० पर्यंत मागे जातो आणि एकूण रक्कम २० ते ३० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाईल. हे कर्मचारी तासांवर नेमलेले नव्हते, तर वार्षिक पगार घेणारे विभागप्रमुख आणि व्यवस्थापक होते. तेथील व्यवस्थेत प्रत्येक उद्योगासाठी किमान वेतन, रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या कामाचे वाढीव दर आणि जादा कामाचा मोबदला ठरवून दिलेला असतो. वार्षिक पगार देणाऱ्या मालकाने एवढेच पाहायचे असते, की त्या पगारात या सगळ्याची बेरीज भागते की नाही. त्यासाठी बेरीज करावी लागते, आणि बेरीज करायची तर तासांची नोंद असावी लागते. व्यवस्थापक दुकानात किती वेळ थांबला हे धड लिहून ठेवण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही, कारण त्याचा पगार ठरलेलाच होता. नवा सामूहिक करार लागू झाल्यावर काही कर्मचाऱ्यांनी शंका काढल्या, तेव्हा कोठे हे भांडे फुटले. पुढच्याच वर्षी कोल्स या प्रतिस्पर्धी साखळीनेही अशाच स्वरूपाची कबुली दिली.

या दोन्ही कंपन्यांवर तेथील फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेने २०२१ मध्ये दावे दाखल केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने दिलेल्या निकालाचे सार असे, की एका वेतनकालात कायद्याने देय असलेली रक्कम त्याच वेतनकालात चुकती व्हायला हवी. शांत आठवड्यांत कायदेशीर किमान रकमेपेक्षा अधिक पगार दिला होता, म्हणून गर्दीच्या आठवड्यांतील तूट आपोआप भरून निघाली, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही.

ब्रिटनमध्ये जॉन लुइस या कंपनीने वेगळ्याच सद्हेतूने हाच खड्डा खणला. काम हंगामाप्रमाणे कमीजास्त झाले तरी दर महिन्याला हाती सारखीच रक्कम पडावी, म्हणून ती वर्षाचे वेतन समान हप्त्यांत वाटत असे. त्यामुळे कामाच्या भराच्या महिन्यांत तासाचा दर किमान वेतनाखाली जाऊ लागला, आणि २०१७ मध्ये कंपनीला त्यापोटी ३ कोटी ६० लाख पौंडांची तरतूद करावी लागली. त्याच वर्षी टेस्को या सुपरमार्केट साखळीने आजी-माजी मिळून सुमारे १ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना ९७ लाख पौंड परत करण्याचे मान्य केले. तेथे निवृत्तिवेतन, पाळणाघराची कुपने, सायकल खरेदी अशा ऐच्छिक योजनांच्या कपाती मूळ वेतनातून होत आणि उरलेली रक्कम किमान वेतनाखाली घसरे. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने किमान वेतन बुडवणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यात डब्ल्यूएचस्मिथ या दुकानसाखळीचे नाव सर्वांत वर होते. १७,६०७ कर्मचारी आणि १० लाख पौंडांहून अधिक रक्कम, आणि कारण काय, तर गणवेशाबाबतच्या नियमामुळे ठरावीक प्रकारचे कपडे त्यांना स्वखर्चाने घ्यावे लागत.

या सगळ्या उदाहरणांत बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. संगणकाने सांगितलेले काम चोख केले. चूक झाली ती काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही हे ठरवताना, आणि ते ठरवणारी माणसे पगार देणाऱ्या बाजूची होती. माझे म्हणणे इतकेच आहे, की अशा चुकांना 'तांत्रिक' हे विशेषण लावणे थांबवावे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

तिसरी पाळी

धागाकर्त्यांशी सहमत आहे. काय मोजायचे नाही हे कसे ठरते, याचे एक अगदी लहान उदाहरण देतो.

कॅलिफोर्नियातील स्टारबक्सच्या एका दुकानात पाळीप्रमुखाला दुकान बंद करताना आधी हजेरीच्या यंत्रावर 'काम संपले' अशी नोंद करावी लागे. दिवसभराच्या विक्रीची आकडेवारी मुख्य कार्यालयाकडे पाठवण्याचे काम त्यानंतरच, मागच्या खोलीतील दुसऱ्या संगणकावर करता येई. मग धोक्याची घंटा चालू करायची, बाहेर पडून दाराला कुलूप लावायचे, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे सहकाऱ्यांना त्यांच्या गाड्यांपर्यंत सोबत करायची. कधी कोणाचा कोट आत राहिला तर दुकान पुन्हा उघडायचे. हे सर्व मिळून चार ते दहा मिनिटे. सतरा महिन्यांत त्याची बेरीज १२ तास ५० मिनिटे झाली आणि त्या वेळच्या ८ डॉलरच्या किमान दराने रक्कम झाली १०२ डॉलर ६७ सेंट.

कंपनीचा बचाव असा होता, की इतका किरकोळ वेळ मोजण्याची कायदा अपेक्षा करत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. रोज नियमाने करायला लावलेले काम किरकोळ कसे, असा न्यायालयाचा रोख होता, आणि तासाच्या रोजीवर जगणाऱ्या माणसाला शंभर डॉलर म्हणजे आठवड्याचे वाणसामान किंवा महिन्याचे बसभाडे असते, हेही त्याने नमूद केले. थेंबे थेंबे तळे साचे हे कामगाराला बचतीसाठी ऐकवले जाते, पण येथे तळे दुसऱ्याच्या आवारात साचत होते.

यातले खरे मर्म यंत्रांच्या क्रमात आहे. नोंद आधी आणि काम नंतर, असा क्रम कोणीतरी ठरवून संगणकात घातला होता.

उलटतपासणी

चर्चा एकतर्फी होत असल्याने एक आक्षेप नोंदवतो. चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, या गृहीतकाला छेद देणारी दोन मोठी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागाचे. मार्च २०१० मध्ये तेथे नवी वेतनप्रणाली सुरू झाली. परिचारिका, डॉक्टर, सफाई कर्मचारी धरून जवळपास ८० हजार लोक, वेगवेगळे वेतनकरार आणि भत्ते, आणि त्यातून तयार होणारे हिशेबाचे सुमारे २४ हजार प्रकार. पहिल्याच पगारापासून गोंधळ उडाला. काहींना काहीच मिळाले नाही, काहींना कमी मिळाले, आणि पुष्कळांना जास्तही मिळाले. ती जास्तीची रक्कम वसूल करणे हा पुढे स्वतंत्र डोकेदुखीचा विषय झाला. दुरुस्तीसकट एकूण खर्च १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेला आणि २०१३ मध्ये चौकशी आयोगाने या प्रकल्पाची गणना देशातील प्रशासकीय अपयशांच्या पहिल्या रांगेत केली.

दुसरे उदाहरण कॅनडाच्या केंद्र सरकारचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या फीनिक्स प्रणालीकडे सुमारे २ लाख ९० हजार सरकारी नोकरांचे पगार होते आणि वेतनाचे नियम ८० हजारांहून अधिक. वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर वाचतील या अपेक्षेने निरनिराळ्या खात्यांतील अनुभवी वेतन-सल्लागारांची पदे आधीच कमी करण्यात आली आणि काम मिरामिची या गावातील एका केंद्रात एकवटले. पूर्वलक्षी वेतनवाढीचा हिशेब करण्यासारख्या आवश्यक सोयीसुद्धा खर्च आणि मुदत सांभाळण्यासाठी गाळल्या गेल्या. जून २०१७ पर्यंत चुकीच्या पगारांची थकलेली रक्कम ५२ कोटी कॅनडियन डॉलरच्या वर गेली होती, आणि तिच्यात कमी दिलेले व जास्त दिलेले असे दोन्ही प्रकार होते. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ च्या अहवालात याला 'अनाकलनीय अपयश' म्हटले.

या दोन्ही ठिकाणी पैसे बुडवण्याचा हेतू कोणी सिद्ध केलेला नाही. बेफिकिरी आणि कंजूषपणा यांत फरक करायला हवा.

ताळेबंद

आक्षेप महत्त्वाचा आहे. जास्त पगार मिळालेल्यांचे पुढे काय झाले, हेही सांगावे.

उलटतपासणी

वसुली झाली, आणि फीनिक्सच्या बाबतीत तर तिची पद्धत विलक्षण होती. ज्या वर्षी जास्त पगार मिळाला त्याच वर्षी तो परत केला नाही, तर कर्मचाऱ्याला हातात पडलेली रक्कम नव्हे, तर कर व इतर कपाती धरून होणारी संपूर्ण रक्कम परत करावी लागे. जे पैसे त्याच्या खात्यात कधी आलेच नव्हते, तेही त्यानेच आधी भरायचे आणि मग कर खात्याकडून परत मागायचे. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाल्यावर हे थांबले. जास्त पगार म्हणजे कामगाराचा फायदा, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुष्कळांना तो पगार न मागता मिळालेल्या कर्जासारखाच पडला.

पगारपत्रक

मी एका मोठ्या कंपनीच्या वेतन विभागात बरीच वर्षे काम करतो आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. वरच्या दोन्ही बाजू मला बरोबर वाटतात, कारण त्या दोन वेगळ्या प्रकारच्या चुकांविषयी बोलत आहेत. प्रणाली कोसळली की चुका दोन्हीकडे विखुरतात, आणि त्यांचा बोभाटाही होतो, कारण ज्याचा पगारच आला नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. प्रणाली सुरळीत चालू असताना चुकीच्या नियमाने जे पैसे जातात, ते मात्र एकाच दिशेने जातात आणि त्यांचा आवाज होत नाही.

त्याचे कारण आमच्या तपासणीच्या पद्धतीत आहे. पगार वितरित होण्यापूर्वी आम्ही एक अहवाल काढतो. मागच्या महिन्यापेक्षा ज्यांचा पगार ठरावीक टक्क्यांहून अधिक वाढला आहे, ज्यांचे जादा तास मर्यादेबाहेर गेले आहेत, नोकरी सोडूनही ज्यांच्या नावे पगार निघाला आहे, अशी नावे त्या अहवालात वर येतात. एकेका नावासमोर कारण लिहिल्याशिवाय पत्रक पुढे सरकत नाही. जास्त गेलेला पैसा पकडण्यासाठी असा पहारा आहे. कमी गेलेल्या पैशासाठी आमच्याकडे फक्त एकच पहारेकरी असतो, तो म्हणजे स्वतः कामगार, आणि त्याच्या हातात असते ती पगारचिठ्ठी, जिच्यावर 'इतर देयके' आणि 'समायोजन' असे शब्द छापलेले असतात. विभागाचा खर्च अंदाजपत्रकापेक्षा वाढला तर व्यवस्थापकाला जाब विचारतात. तो कमी झाला तर बैठकीत त्याचे कौतुक होते. कमी का झाला, असे कोणी खोदून विचारल्याचे मी पाहिलेले नाही.

नेहमी आढळणाऱ्या काही चुका सांगतो. जेवणाच्या सुट्टीची अर्ध्या तासाची कपात प्रणाली आपोआप करते. ज्याला जेवायला उठताच आले नाही, त्याने ती कपात रद्द करून घेण्यासाठी अर्ज भरायचा आणि त्यावर पर्यवेक्षकाची सही घ्यायची. गैरसोय कोणाच्या वाट्याला टाकली आहे ते पाहा. काहीच न केल्यास पैसे कंपनीकडे राहतात. दुसरी चूक बढतीच्या तारखेची. बढतीचे पत्र पहिल्या तारखेपासूनचे असते, कागद आमच्याकडे पंधरा तारखेला येतो, आणि महिन्याची नोंदणी तोपर्यंत बंद झालेली असते. पुढच्या महिन्यात मूळ वेतनाचा फरक निघतो, पण मधल्या काळातील जादा तास जुन्याच दराने राहून जातात, कारण फरक काढणारा आदेश जादा तासांच्या रकान्याला हात लावत नाही. तिसरी चूक पर्यवेक्षकाच्या दुरुस्तीची. हजेरीत तो तास बदलू शकतो आणि बदललेल्या नोंदीचा माग प्रणालीत राहतोही, परंतु तो माग कामगाराला दिसत नाही.

आणखी एक प्रकार अमेरिकी कायद्याखालचा आहे. तेथे आठवड्यात ४० तासांपुढील कामाला दीडपट दर द्यावा लागतो आणि तो दर काढताना आधी कबूल केलेला उत्पादन किंवा हजेरी बोनस धरावा लागतो. समजा दर २० डॉलर, काम ५० तास आणि त्या आठवड्याचा बोनस १०० डॉलर. एकूण ११०० डॉलरला ५० तासांनी भागले की खरा दर २२ डॉलर येतो. त्याच्या निम्म्याने, म्हणजे ११ डॉलरने, दहा जादा तासांची अधिकची रक्कम ११० डॉलर होते. बोनस विसरला तर ती १०० डॉलर होते. दहा डॉलरचा हा फरक एका माणसाला जाणवतही नाही. कामगारांची संख्या काही हजार असेल आणि वर्षे चार-पाच असतील, तर गुणाकार आपणच करून पाहावा.

रोजनिशी

हजेरीची वेळ पाव तासात 'गोळाबेरीज' करतात, म्हणजे जवळच्या पाव तासाला आणून ठेवतात, त्याबद्दल कोणी सांगू शकेल काय? आमच्याकडे म्हणतात की त्यात कधी कामगाराचा फायदा होतो, कधी कंपनीचा, त्यामुळे शेवटी हिशेब सारखाच होतो.

तिसरी पाळी

कागदावर तो सारखा होतो. अमेरिकेच्या संघीय नियमांनी अशी पद्धत चालू दिली आहे, परंतु दीर्घकाळात कामगारांचे नुकसान होऊ नये या अटीवर. पाव तासाच्या पद्धतीत सात मिनिटांपर्यंतचा फरक सोडून देतात आणि आठव्या मिनिटापासून पुढचा पाव तास धरतात.

आता यात हजेरीची शिस्त मिसळून पाहा. नऊ वाजता पाळी सुरू होत असेल आणि उशीर झाल्यास ताकीद मिळत असेल, तर माणूस आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनीच नोंद करतो. नोंद नऊची धरली जाते आणि सात मिनिटे गेली. नऊ वाजून पाच मिनिटांनी आला, तर गोळाबेरजेत त्याला पाच मिनिटे मिळतात, पण ताकीदही मिळते, म्हणून तसा तो सहसा येतच नाही. संध्याकाळी हातातले काम टाकून वेळेआधी जाण्याची मुभा नसते. पाच-सहा मिनिटे उशिरा निघाला तर तीही कापली जातात. गणिताचा नियम दोन्हीकडे समान असला, तरी शिस्तीच्या नियमाने माणसाला एकाच बाजूला उभे केलेले असते. मिनिटाची नोंद ठेवणारे यंत्र हाताशी असताना ती पाव तासात मोडण्याचे कारणही मला कळलेले नाही. पूर्वी कारकून हाताने बेरीज करत तेव्हाची ती सोय होती.

जुना निवाडा

कायद्याच्या बाजूने थोडे सांगतो. मालकाने तासांची नोंद नीट ठेवली नसेल तर कामगाराने काय सिद्ध करावे, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्स पॉटरी या मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात आला होता. कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल इतका पुरावा द्यावा आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर असावी, असे न्यायालयाने ठरवले. नोंदी न ठेवण्याचा लाभ नोंदी न ठेवणाऱ्यालाच मिळू नये, हे त्यामागचे तत्त्व. त्या निकालानंतर दाव्यांचा पूर आला आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९४७ मध्ये कायदा करून मुख्य कामाच्या आधीची व नंतरची तयारीची कामे बऱ्याच अंशी वेतनातून वगळली.

त्याच कायद्याच्या आधारे २०१४ मध्ये ॲमेझॉनच्या गोदामांतील कामगार हरले. पाळी संपल्यावर चोरी रोखण्यासाठी होणाऱ्या झडतीच्या रांगेत सुमारे २५ मिनिटे थांबावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वेळ वेतनपात्र नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. याउलट ॲपलच्या दुकानांतील पिशव्यांच्या झडतीचा वेळ वेतनपात्र आहे, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये राज्याच्या कायद्याखाली ठरवले. कर्मचाऱ्यांनी पिशवी किंवा आयफोन आणलाच नाही तर झडती होणार नाही, असे कंपनी सांगत होती. आयफोन माणसाच्या जीवनाचा अविभाज्य भाग झाला आहे, असे जगाला सांगणाऱ्या कंपनीच्या तोंडी हा युक्तिवाद शोभत नाही, याची न्यायालयाने दखल घेतली. झडतीची रांग दोन्हीकडे सारखीच, फक्त कायदा वेगळा. त्यामुळे 'देय वेतन किती' याचे उत्तर घड्याळात शोधण्याआधी कायद्यात शोधावे लागते.

१९४६ चे तत्त्व अजून जिवंत आहे. टायसन फूड्सच्या मांस-प्रक्रिया कारखान्यात संरक्षक कपडे चढवण्या-उतरवण्याच्या वेळेची नोंदच नव्हती. तज्ज्ञाने चित्रीकरणावरून काढलेली सरासरी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानली.

उलटतपासणी

शिक्षेबाबत काय? ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून वेतन बुडवणे हा संघीय कायद्याने फौजदारी गुन्हा झाला असून व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिक चूक त्यातून वगळलेली आहे. मला भीती वाटते, की यामुळे आपणहून चूक उघड करणाऱ्या कंपन्या गप्प बसू लागतील.

पगारपत्रक

आपणहून माहिती देणाऱ्याला यंत्रणेशी सहकार्याचा करार करून फौजदारी कारवाईची शिफारस टाळता येते, अशी सोय त्याच कायद्यात आहे. त्यामुळे ती भीती मला फारशी पटत नाही. वेतन विभागात बसून उलटा परिणाम दिसतो. व्यवस्थापकाच्या तोंडी आदेशावर तास बदलणारा कारकून आता तो आदेश लेखी मागू लागला, तरी पुष्कळ झाले.

दंडाच्या रकमेचा विचार केला तर ब्रिटनमध्ये किमान वेतनाच्या थकबाकीवर २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात थकीत रकमेइतकीच भरपाई आणखी मिळू शकते, पण दावा दोन वर्षांत करावा लागतो, आणि बुडवणूक हेतुपुरस्सर असल्यास तीन वर्षांत. ऑस्ट्रेलियात ही मुदत सहा वर्षे आहे. ज्या चुका दहा-दहा वर्षे चालतात, त्यांच्या बाबतीत मुदत उलटलेली वर्षे कंपनी स्वेच्छेने देईल तरच मिळतात.

रोजनिशी

तर मग सामान्य कामगाराने नेमके काय जपून ठेवावे? हजेरी कंपनीच्या प्रणालीत, पगारचिठ्ठीही तिच्याच संकेतस्थळावर, आणि नोकरी सुटली की प्रवेश बंद.

पगारपत्रक

नेमके हेच डिसेंबर २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसले. क्रोनॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजेरी व वेतन सेवेवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला आणि अनेक रुग्णालये, कारखाने व सरकारी कार्यालये यांच्या हजेरीच्या नोंदी कित्येक आठवडे हाती लागेनात. पुष्कळ ठिकाणी मागच्या वेतनकालाचा पगार तसाच पुन्हा दिला गेला. महासाथीच्या त्या लाटेत ज्या परिचारिकांनी जादा पाळ्या केल्या, त्यांना आधीच्या साध्या महिन्याचा पगार मिळाला. ज्यांच्याजवळ स्वतःची वही होती, त्यांना निदान काय मागायचे हे ठाऊक होते.

तेव्हा आलेली वेळ, निघालेली वेळ, प्रत्यक्ष घेतलेली सुट्टी आणि थांबायला कोणी सांगितले, एवढे त्याच दिवशी लिहावे. आठवड्याअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीला तितके वजन नसते. पगारचिठ्ठी आली की ती उतरवून स्वतःकडे ठेवावी. वेतनवाढ, बढती किंवा बदली झाली असेल त्या महिन्याची आणि पुढच्या महिन्याची चिठ्ठी ओळीने तपासावी, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. कमी आढळल्यास 'पगार कमी आला' असे न लिहिता 'अमुक तारखेचे अमुक तास अमुक दराने दिसत नाहीत' असे लेखी विचारावे. पहिल्या पत्राला आमच्या विभागातून ठरावीक उत्तर जाते. दुसऱ्या पत्रासाठी मात्र कोणाला तरी नोंद उघडून पाहावीच लागते.

अक्षयपात्र

एक शंका. जे लोक मधल्या काळात नोकरी सोडून गेले, त्यांच्या फरकाचे काय होते? दुकाने आणि गोदामे यांत माणसे सतत बदलतात, त्यामुळे थकबाकी येणे असलेल्यांत त्यांचीच संख्या मोठी असणार.

जुना निवाडा

नोकरी सोडल्याने हक्क जात नाही. टेस्कोच्या प्रकरणात माजी कर्मचारीही धरलेले होते, हे वर आलेच आहे. अडचण व्यवहाराची असते. पत्ता बदललेला, बँक खाते बंद, आणि कंपनीकडे असलेला दूरध्वनी क्रमांक जुना. ऑस्ट्रेलियात असा माणूस सापडला नाही, तर मालक ती रक्कम फेअर वर्क ओम्बड्समनकडे जमा करू शकतो. त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर न मागितलेल्या वेतनाचा शोध घेण्याची सोय आहे आणि कामगार नंतर कधीही आपले पैसे मागू शकतो. जेथे अशी सोय नाही, तेथे जुन्या मालकाला नवा पत्ता लेखी कळवून ठेवावा आणि शेवटच्या वर्षाच्या पगारचिठ्ठ्या फेकू नयेत. कंपनीने चूक जाहीर केली, तर आपण त्या यादीत आहोत की नाही हे विचारण्यासाठी कर्मचारी क्रमांक लागतो, आणि तो बहुतेकांजवळ फक्त त्या चिठ्ठीवरच शिल्लक असतो.